तेलाचा हात

४ तारीख, मंगळवार

आणि पैसे परत पाठवायची ही कुठली रीत? घ्यायचे नसतील तर विहिरीत टाका, कुणाला दान करा. पण भावोजींच्या हाती परत पाठवून माझं नाक कशाला कापायचं? ही तिसरी वेळ. भावोजी फोनवर म्हणाले, "माझी घंटा झालीये रे. तू तिकडून वाजवतोस, सासरेबुवा इकडून." आणि निरोप तोच जुना : "ज्या प्लॅस्टिकनं आपली चूल विझवली त्याच्याच घरची भांडी घासतो. ती मजुरी माझ्या उंबऱ्याच्या आत नको."

बाबा, चूल प्लॅस्टिकनं विझवली, मी नाही. बाजारात निळी दोरी आली, हलकी, न कुजणारी, निम्म्या भावात. लोक ती घेणारच. मी गिऱ्हाईक असतो तर मीही घेतली असती. हे तोंडावर बोललो आणि तिथेच सगळं बिनसलं. पण खोटं बोललो का?

बाबा फोनवर येत नाहीत. भांडण अर्धं राहिलं की मला चैन पडत नाही, म्हणून इथे लिहितोय. डायरी कंपनीनं वाटलेली, गेल्या सालची. वार जुळत नाहीत, खोडून लिहावे लागतात. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, पण वाचायचंय कुणाला?

गंमत अशी की इथेही मी वाखाचंच काम करतो. तोच वाख, घायपाताच्या पानातून निघालेला, ज्याचे दोर वळत बाबांची उमर गेली. इथे त्याचे दोर होत नाहीत. वाख आणि प्लॅस्टिक एकावर एक अंथरून गरम दाबाखाली घालतात, त्याची फळी होते. ती गाडीच्या दाराला आतून बसते. आधी त्यात काचेचे धागे घालायचे. त्यांनी अंग खाजतं, छातीत जातात, म्हणून वाख आला आणि त्याच्या मागून मी आलो. ताईनं बाबांना हे दहादा सांगितलं. वाखाचं नाव निघालं की ते उठून गोठ्यात जातात म्हणे.

आज मुकादमानं सगळ्यांना उभं केलं. महिनाअखेर मोठे साहेब फळ्या ओढून बघणार. मशीनवर पट्टी ताणायची, तुटेल तो आकडा. पंचावन्नच्या वर गेला तर वाखाचं खातं पक्कं. नाही गेला तर काच परत, आणि आम्ही आठ माणसं आपापल्या घरी. आत्ता आकडा सेहेचाळीस.

माझी जीभ राहीना. म्हटलं, "हा बाजारचा वाख, डबक्यात कुजवलेला. खरा वाख मी आणून देतो, घरचा."

मुकादम म्हणाला, "आण की, दोरखंड. तोंड एवढं आहे तर हातही असेल." बापाचा धंदा सांगितला त्या दिवसापासून मी इथे दोरखंड.

ताईला फोन केला. म्हटलं, घरच्या शेडमध्ये वाख पडलाय त्यातली दोन गाठोडी चांगली बघून पाठव. बाबांना माझं नाव सांगू नको. शहरातला कुणी व्यापारी नमुना मागतोय म्हण.

घरी परत जाऊन "बाबा, तुमचंच खरं" म्हणण्यापेक्षा मी काच खाईन.

७ तारीख, शुक्रवार

गाठोडी आली! भावोजींनी मालाच्या गाडीत टाकली होती. सोडली आणि आख्ख्या खात्यात वास सुटला. टाकीवाले काका नाक मुरडून म्हणाले, "हे काय, गाय आली का?" त्यांना काय कळणार.

काय वाख आहे! हातभर लांब, पांढरा, दाणा नाही, गाठ नाही. मुकादमानंही उजेडात धरून पाहिला आणि काही बोलला नाही. त्याच्या लेखी ही वाहवाच. ताईनं लांबीप्रमाणे वेगळा केलाय, आखूड वेगळा, लांब वेगळा. एवढी अक्कल तिला कधी आली? प्रत्येक जुडीला दोन्ही टोकांना ती पालथी गाठ, सैल दिसते पण सुटत नाही. ती बाबांची गाठ. म्हणजे जुन्या बांधून ठेवलेल्या जुड्या असणार. सुतळी मात्र नवी दिसली. असो.

एका जुडीच्या पोटात तेलाची बाटली निघाली, चिंधीत गुंडाळलेली. आई! आईला माझ्या हातांची काळजी. माझी जुनी बाटली संपतच आली होती.

टाकीत धुऊन वाळवलेली पहिली जुडी हातात येताच फणीवर बसलो. फणी म्हणजे खिळ्यांची पाटी, तिच्यातून वाख ओढून सरळ करायचा. तळहाताला तेल लावलं आणि हात असा चालू लागला की मधली चार वर्षं गेलीच नाहीत. कोरड्या हातानं वाखाला शिवायचं नाही, हे मला बाराखडीच्या आधी शिकवलंय. तेलाचा हात फिरला की धागा धाग्यावरून सरकतो, तुटत नाही, कापत नाही. बाजूचे लोक कोरडे बसतात आणि बोटांना चिंध्या बांधून फिरतात.

१० तारीख, सोमवार

अडतीस.

घरचा वाख, माझ्या हाताचा, आणि अडतीस. बाजारच्या कुजक्या वाखापेक्षा आठनं खाली.

मशीन मॅडम चालवतात. तपासणी त्यांच्याकडे. दिवसभर पट्ट्या ओढत असतात म्हणून लोक त्यांना पाठीमागे ओढाताण मॅडम म्हणतात; त्यांना ते माहीत आहे आणि त्या हसतात. पट्टी तुटली तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. तुटलेल्या कडेतून वाखाचे केस बाहेर आले होते, अख्खेच्या अख्खे, स्वच्छ.

म्हणाल्या, "बघ, धागा तुटलाच नाही. धागा मजबूत आहे. तो प्लॅस्टिकच्या हातातून निसटला."

ओल्या मातीतून मुळा उपटावा तसा. प्लॅस्टिकमध्ये त्याच्या जागी भोकं उरली होती.

मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला, "काय राजे, घरचा वाख म्हणे. हात दाखवून अवलक्षण."

रात्री जेवायला बसलो. काका माझेच खोलीवाले. ते घास घेता घेता म्हणाले, "वाख कसला, गुळगुळीत नवरदेव आणलायस. कुणाच्या हाती लागत नाही." मी ताट सरकवून उठलो.

११ तारीख, मंगळवार

काकांशी भांडलो. म्हटलं, दोष तुमच्या टाकीत आहे.

टाकीचं असं की वाख आधी सोड्याच्या पाण्यात बुडवतात. कॉस्टिक सोडा, कातडं सोलणारा. मग साध्या पाण्यानं धुतात, मग थोड्या आंबट पाण्यानं, कागदाची पट्टी रंग बदलायची थांबेपर्यंत. मग गरम खोलीत वाळवतात, आणि मग तो माझ्या फणीवर येतो. मी विंचरतो, अंथरतो, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा, पुन्हा वाख.

मॅडमना विचारलं, सोडा कशाला? आजवर विचारलंच नव्हतं. सांगितलं ते करत होतो. त्या म्हणाल्या, "पानाच्या अंगावर मेण असतं ना? पाऊस पडला तर पाणी घरंगळावं म्हणून. ते धाग्यावरही थोडं राहतं. त्याच्यावर प्लॅस्टिक बसत नाही. सोडा ते मेण काढतो, अंग खरखरीत करतो. मग प्लॅस्टिकला धरायला जागा मिळते."

मग तर सरळच आहे. मेण नीट निघालं नाही. काकांनी सोडा मारला असणार कमी; वास सहन होत नाही म्हणून ते नेहमी हात आखडता घेतात. तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "लेका, तू दुधात होतास तेव्हापासून मी टाकीत आहे. सोडा मोजून पडतो. चोराच्या उलट्या बोंबा."

मी कसला चोर? ज्याचा त्याला ठाऊक.

१३ तारीख, गुरुवार

काल मी सगळ्यांच्या आधी गेलो आणि एक वेगळी बादली लावली. सोडा दुप्पट, भिजणं संध्याकाळपर्यंत. थोड्यानं थोडं मेण निघतं तर जास्तीनं सगळं निघेल. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणी हो म्हटलं नसतं.

आज वाळलेला वाख हातात घेतला तर कटकट मोडला. वाळक्या गवतासारखा. रंग पिवळा पडलेला. तरीही पट्टी केली. एकतीस.

मॅडम पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या. "मेण काढायचं म्हणजे हाडं काढायची का?" काका मात्र काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं. मुकादम बोलला : "अजून एक शहाणपणा आणि तू महिनाअखेरपर्यंतही थांबायचं नाहीस." बाबांचा एक अख्खा गठ्ठा मी जाळून टाकला. आता एकच उरलाय.

हात सोलपटलेत. दोन वेळा तेल लावलं.

१४ तारीख, शुक्रवार

ताईचा फोन. आई बरी आहे. गाय व्यायली. बाबा रोज संध्याकाळी भावोजींना विचारतात म्हणे, "त्या व्यापाऱ्याचं काय म्हणणं आलं?" काल तर दोनदा विचारलं.

पाहा म्हणजे. पोरगा कसा आहे हे चार वर्षांत एकदा विचारलं नाही, आणि व्यापाऱ्याची चौकशी रोज दोनदा. धंदा म्हटला की कान टवकारतात.

ताईला म्हटलं, सांग त्यांना, व्यापाऱ्याला माल पसंत आहे, वेळ लागतोय. ती म्हणाली, "तूच सांग ना कधी." म्हटलं, त्यांनी फोन घेतला तर सांगेन. मागे कुणीतरी खाकरलं. भावोजी असतील.

१६ तारीख, रविवार

सुट्टी. बाजारात गेलो. दोरीच्या दुकानासमोर उगाच उभा राहिलो. निळी दोरी रिळावर चकाकत होती. दुकानदार म्हणाला, "किती मीटर?" मी एक हातभर तुकडा मागितला, ताणला, नखानं उकलला. एकही धागा दुसऱ्याला धरून नाही, नुसता पिळाच्या जोरावर राहतो. पीळ सुटला की संपलं. दुकानदारानं तुकडा काढून घेतला आणि म्हणाला, "घ्यायची नसेल तर सोलू नका."

खोलीवर काका कपडे धूत होते. अबोला चालूच. मी बादली भरून त्यांच्याजवळ ठेवली. त्यांनी न बघता घेतली. म्हणाले, "सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही. बाप पण असाच असेल तुझा."

मी म्हटलं, "माझ्यापेक्षा जास्त."

"मग आई देवमाणूस असेल," काका म्हणाले. अबोला सुटला.

१७ तारीख, सोमवार

हे लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

मॅडमनी आज मला फणीवरून उठवलं. टेबलावर वाखाच्या तीन बटा ठेवलेल्या. एक घरून आली तशी. एक टाकीतून निघून वाळलेली. एक माझ्या फणीवरची, अंथरायला तयार. नळीनं प्रत्येकीवर पाण्याचा एकेक थेंब सोडला.

पहिल्या बटेवर थेंब बसून राहिला. मेण आहे, राहणारच. दुसरीत थेंब पडला आणि दिसेनासाच झाला, वाखानं पिऊन टाकला. तिसरीवर थेंब मोत्यासारखा उभा. पहिलीपेक्षा गोल.

मॅडम म्हणाल्या, "काकांची टाकी बरोबर काम करते. टाकीतून निघेपर्यंत अंग स्वच्छ आहे. मग इथून इथे येईपर्यंत त्याला काय होतं? मध्ये कोण आहे?"

मध्ये मी आहे. म्हटलं, "मी नुसता विंचरतो."

"हात बघू."

मी हात पुढे केला. त्यांनी धरला नाही, नुसतं वाकून वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"हे तेल कधीपासून?"

म्हटलं, "जन्मापासून."

त्या हसल्या नाहीत. मी मात्र भांडलो. म्हटलं, वाखाला तेलाच्या हातानंच शिवतात, माझा बाप, त्याचा बाप, कोरड्या हातानं वाख तुटतो, तुम्ही पुस्तकातनं बोलता. त्या शांतपणे म्हणाल्या, "दोरात तुला धागा सरकायला हवा. फळीत मला तो सरकायला नको. एवढंच." आणि नळी माझ्या हातात दिली : "तूच टाक थेंब."

टाकला. उभा राहिला. आणखी एक टाकला. तोही उभा.

सहा दिवस काकांना शिव्या घातल्या. टाकीनं अंग धुऊन द्यायचं आणि मी प्रेमानं पुन्हा माखायचं.

काकांना संध्याकाळी सांगितलं. ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "चहा तू पाजायचा. महिनाभर."

१८ तारीख, मंगळवार

हात साबणानं तीनदा धुतले. कोरडा बसलो. टाकीतून आलेला वाख आधीच राठ, त्यात कोरडा हात. फणीत अडकतो, तुटतो, लांबचा आखूड होतो. हातमोजे घातले तर मोज्यांनाच गुंततो. बोटं कापली. दिवसभरात मुश्किलीनं एका फळीपुरता निघाला.

एकावन्न!

तेरानं वर. पण पंचावन्न नाही. मॅडम म्हणाल्या, आता प्लॅस्टिक धरतंय, पण धागे मोडलेले आहेत, आखूड धाग्याला ताकद कमी. म्हणजे तेल लावलं तर निसटतो, नाही लावलं तर मोडतो. इकडे आड, तिकडे विहीर. मुकादमानं विचारलं, "आता?" म्हटलं, "आता बघतो."

बघतो म्हणालो खरं. काय बघतो ते मलाही ठाऊक नाही. पण हे सोडणार नाही. घरचा वाख आता दोन फळ्यांपुरता उरलाय.

२० तारीख, गुरुवार

काल कपडे धुताना सुचलं. सुचलं म्हणजे काय, साबणाची वडी हातात होती आणि आई आठवली. वर्षाकाठी तळणाचं उरलेलं जळकं तेल साठवून आई घरीच साबण करायची. तेलात सोड्याचं पाणी ओतायचं आणि ढवळत राहायचं. आम्हाला जवळ येऊ द्यायची नाही. तेल तेल राहत नाही, साबण होतं. आणि साबण पाण्यानं निघून जातो.

मग मी उलटा का विंचरतोय? टाकीनंतर कशाला, टाकीच्या आधी विंचरतो! वाख मऊ असताना, तेलाच्या हातानं, पोटभर. मग जाऊ दे टाकीत. सोडा मेणाबरोबर माझं तेलही घेऊन जाईल. नंतर त्याला कुणी शिवायचं नाही, धुतलेले मोजे घालून नुसता अंथरायचा.

यावेळी विचारलं. आधी काकांना. काका म्हणाले, "म्हणजे माझ्या टाकीत तू साबणाचा कारखाना काढणार." मग मॅडमकडे दोघं मिळून गेलो. त्यांनी कागदावर काहीतरी गणित केलं. म्हणाल्या, तेल सोडा खाईल, म्हणून तेल कमीत कमी लाव आणि सोडा किंचित वाढवू, किती ते मी सांगते, तू नाही. आणि पाणी कोमट हवं, आणि धुणं दुप्पट. मग पेन ठेवून म्हणाल्या, "विंचरलेला वाख टाकीत सुटून गुंतला तर?"

तोच प्रश्न. घट्ट बांधला तर गाठीखाली सोडा पोचत नाही, सैल बांधला तर पसरतो.

बाबांची पालथी गाठ. सैल दिसते पण सुटत नाही. मला ती अर्धीच येत होती. घरून आलेल्या शेवटच्या जुड्यांतली एक घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत सावकाश, एकेक वेढा बघत सोडली. पुन्हा बांधली. पुन्हा सोडली. काका शेजारी बसून म्हणाले, "जेव की." सातव्या की आठव्या वेळी बसली. सुतळी नवीच आहे, अजून हिरवट वास येतो. ताईला विचारलं पाहिजे कुणी बांधल्या. राहून जातं.

२१ तारीख, शुक्रवार

टाकीला फेस आला. काका ओरडले, "या रे, आंघोळीला या!" आख्खं खातं बघायला जमलं. मुकादमही आला.

धुतोय, धुतोय. फेस थांबेपर्यंत धुतलं, मग कागदाची पट्टी बघत धुतलं. जुड्या टाकल्या तशा सरळ निघाल्या. एकही गाठ सुटली नाही. एकही.

२४ तारीख, सोमवार

वाळला. मॅडमनी थेंब टाकला. गेला! पडला आणि गेला, शोधायला सापडेना. मी तीन ठिकाणी टाकायला लावला. त्या म्हणाल्या, "आता ओला करशील पुन्हा."

मोजे घालून अंथरला. हात सारखे तेलाच्या बाटलीकडे वळत होते. बाटली काकांच्या खिशात ठेवायला दिली.

दुपारी पट्टी मशीनला लागली. मला बघवेना, मी पाठ करून उभा. तुटली तो आवाजच वेगळा होता, आधी नुसतं सर्रकन यायचं, आज फाटलं, टर्रकन.

मॅडम म्हणाल्या, "वळ इकडे."

अठ्ठावन्न.

दुसरी पट्टी, सत्तावन्न. तिसरी, साठ. तुटलेली कड पाहिली. भोकं नव्हती. धागे जागच्या जागी तुटले होते, आणि प्रत्येकाच्या अंगाला प्लॅस्टिकचे कण धरून बसलेले, नखानं काढले तरी निघेनात. दोघं एकत्र फाटले. कुणी कुणाला सोडलं नाही.

एक तुकडा खिशात टाकला. मॅडमनी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

मुकादम म्हणाला, "हात आहे म्हणायचा." मग जाताना : "दोन्ही."

२६ तारीख, बुधवार

मोठे साहेब आज आले, ठरल्याच्या आधीच. पाच पट्ट्या ओढायला लावल्या, सगळ्या पंचावन्नच्या वर. खातं पक्कं. आठही माणसं राहिली. साहेबांनी विचारलं, असा वाख आणखी मिळेल? मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. आधी चाळीस गठ्ठे हवेत, आगाऊ रक्कम देतील, भाव मी ठरवायचा.

भावोजींना फोन केला. म्हटलं, बाबांना सांगा व्यापाऱ्याला माल आवडला, चाळीस गठ्ठे, गठ्ठ्याला किती घेणार? घटकाभरानं भावोजींचा फोन : "दोनशे म्हणतात."

मी हो म्हणणारच होतो. मग वाटलं, न घासाघीस करणारा व्यापारी कुणी पाहिलाय? लगेच हो म्हटलं तर संशय येईल, पैसे पुन्हा परत. म्हटलं, "सांगा, व्यापारी एकशेसत्तर म्हणतो."

भावोजी म्हणाले, "अरे मेहुण्या, ताकाला जाऊन भांडं लपवताय दोघं, आणि धावाधाव माझी."

दोघं कशाला? लपवतोय तर मी.

पुन्हा फोन. "म्हणतात, एकशेसत्तरला वाख शेडमध्येच शोभतो. व्यापाऱ्याला म्हणावं, लांबी मोजली का कधी?" ऐकून असा राग आला आणि असं हसू आलं! मी एकशेऐंशी म्हटलं. ते एकशेनव्वद. मी म्हटलं, व्यापारी जरा दम खातोय. काका शेजारून म्हणाले, "बापाला लुटतोस का?" म्हटलं, लुटत नाहीये, पटवतोय.

एकशेपंच्याऐंशीवर सौदा जमला. चार वर्षांत आम्ही एवढं बोललो नव्हतो.

२८ तारीख, शुक्रवार

रक्कम हातात आली. पाठवायच्या आधी भावोजींना फोन करून पक्कं केलं. चाळीस गठ्ठे, एकशेपंच्याऐंशीनं, सात हजार चारशे. आधीची दोन गाठोडी?

भावोजी म्हणाले, "नमुन्याचे पैसे घेत नाहीत, म्हणाले. पण तेलाचे सत्तर लावलेत."

"कसल्या तेलाचे?"

"बाटली घातली होती ना जुडीत. म्हणाले, व्यापाऱ्याला सांग, वाख नमुन्याचा, पण तेल फुकट नाही."

म्हटलं, "ती आईनं घातली."

"आईंना कुठलं माहीत? त्या दिवशी शेडचं दार लावून घेतलं होतं सासरेबुवांनी. निवडलं त्यांनी, बांधलं त्यांनी, मला हातही लावू दिला नाही."

नवी सुतळी, बाबांची गाठ. व्यापाऱ्याला तेल कशाला लागतं?

भावोजी म्हणाले, "आहेस का? त्यांना काय सांगू?"

मागे कुणीतरी खाकरलं. भावोजी तर माझ्याशी बोलत होते.

मी जरा मोठ्यानंच म्हटलं, "सांगा, तेल कामाला आलं. आणि जास्तीचं लागेल."

तिकडे काही आवाज आला नाही. उठून गेल्याचाही आला नाही.

आज पाठवतोय. वाखाचे कंपनीचे, तेलाचे माझ्या खिशातले. एकूण सात हजार चारशे सत्तर.